मणक्याच्या गादीतली वस्ती

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं बाइंडरकाका मनाशी म्हणत. पण राहून गेलं हे काही खरं नव्हतं. उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं. आणि पत्र कुठे आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. खिडकीजवळच्या कपाटात, निळ्या कापडी पाठीच्या पुस्तकात, नळ दुरुस्तीच्या पावतीच्या पुढे आणि मेहुणीच्या मुलाच्या लग्नाच्या आमंत्रणाच्या मागे ते होतं. नुसतं ठेवलेलं नव्हतं, शिवलेलं होतं.

काकांनी उभी हयात एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं बांधण्यात घालवली होती. फाटकं पुस्तक आलं की ते उसवायचं, पानं जुळवायची, नव्याने शिवायचं, खळ लावायची आणि दाबात ठेवायचं. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात, तेव्हा घरात येणारे सुटे कागदच ते बांधू लागले. पावत्या, पत्रं, आमंत्रणं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, जे येईल ते एका टोपलीत पडायचं आणि टोपली भरली की त्याचं पुस्तक व्हायचं. "मी जरा वेळ एका जागी बसले ना, तर मलाही शिवून टाकतील," असं काकू आल्यागेल्याला सांगायच्या.

पत्र एका प्रयोगशाळेतून आलं होतं. काकांच्या कमरेचं ऑपरेशन होऊन बराच काळ लोटला होता. दोन मणक्यांमधली गादी फाटून तिचा तुकडा बाहेर आला होता आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला होता. सर्जनने तो काढला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणीतरी एक कागद पुढे केला, काढलेला तुकडा अभ्यासासाठी दिला तर चालेल का म्हणून. काकांनी सही केली. त्या दिवशी त्यांनी कशावरही सही केली असती. आता पत्रात लिहिलं होतं की त्या तुकड्यातल्या पेशी प्रयोगशाळेत अजून जिवंत आहेत. जुन्या परवानगीची मुदत संपत आली आहे. पुढे ठेवायच्या असतील तर सोबतच्या अर्जावर सही करून तो परत पाठवावा. उत्तर न आल्यास नियमाप्रमाणे पेशी नष्ट कराव्या लागतील. एवढं टाइप केलेलं, आणि खाली शाईने, घाईच्या अक्षरात एक ओळ: 'तुमच्या पेशी फार चिवट आहेत. एकदा येऊन बघा.'

त्या शाईच्या ओळीनेच घोटाळा केला. नुसता अर्ज असता तर काकांनी सही करून पाठवून दिला असता. पण माणसाने हाताने लिहिलेल्या ओळीला माणसासारखं उत्तर द्यायला हवं. त्यांनी कच्चे मसुदे केले. पहिला फार लांब झाला, दुसरा फार कोरडा, तिसऱ्यात आपण विद्वत्ता पाजळतोय असं त्यांना वाटलं. बाइंडरने किती वाचलंय ते दाखवायची ही जागा आहे का? मसुदे टोपलीत पडले.

पण मसुदे जमले असते तरी पत्र गेलं नसतं. त्याचं कारण काका स्वतःशीही धड बोलत नसत.

ग्रंथालयात त्यांचं टोपणनाव होतं 'कमान'. कंबर धरून उठणं, पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या दांड्याला टेकून उभं राहणं, जिना चढताना मध्येच थांबणं, यावरून ते पडलेलं. नावाचं त्यांना वाईट वाटलं नाही. पण एकदा एक्स-रे काढून आल्यावर अधीक्षकांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "फोटो स्वच्छ आहे म्हणतात. मग दुखतं कुठे, डोक्यात?" सगळे हसले. काकाही हसले. हसण्यावारी गेलेलं ते वाक्य मात्र त्यांच्या आत जाऊन बसलं. पुढे गादीच फाटली तेव्हा पायातली कळ कुणी नाकारू शकलं नाही. ऑपरेशनने ती गेली. कंबरेतलं जुनं दुखणं मात्र ठाण मांडून राहिलं, आणि डॉक्टर म्हणाले, "आता सगळं वयाच्या मानाने ठीक दिसतंय." ठीक दिसतंय आणि दुखतंय. म्हणजे अधीक्षकांचंच खरं होतं की काय? आता त्या एवढ्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली कुणी आपल्या पेशी बघणार आणि म्हणणार, अहो, यांच्यात काहीच नाही! शिवाय कसर लागलेला कागद चांगल्या कागदाबरोबर बांधू नये, हा त्यांच्या धंद्यातला साधा नियम. आपलं किडकं सामान त्या विद्वानांच्या कामात कशाला?

तेव्हा टोपली भरली, वर्षाचं पुस्तक बांधायला घेतलं, आणि पत्र, अर्ज, मसुदे असं सगळं त्यांनी क्रमाने लावून शिवून टाकलं. शिवलेलं पान हरवत नाही, आणि रोज समोरही येत नाही. बाइंडरलाच सुचेल अशी ही सोय होती.

मग एका सकाळी फोन वाजला आणि तो काकूंनी उचलला.

काका आतल्या खोलीत उताणे पडले होते, गुडघे उभे करून. कमरेला तेवढंच बरं वाटे. बाहेरून काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. आधी "हो, हो", मग "काय सांगता!", आणि मग बराच वेळ काहीच नाही. ही शांतता काकांना ओळखीची होती. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुमच्या पेशींना सोमवारी मारून टाकणार आहेत."

काकांनी डोळे मिटून घेतले.

"मला माहीत नव्हतं हं, तुमच्या पेशी परगावी राहायला गेल्यात ते. पत्र आलं होतं म्हणे. कुठाय?"

"आहे."

"आहे म्हणजे? टोपलीत तर काही नाही." काकूंनी कपाटाकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा कपाटाकडे. "शिवलंत?"

"चुकून गेलं त्यात."

"तुमच्या हातून चुकून एक टाका वाकडा जात नाही, आणि अख्खं पत्र चुकून गेलं! उठा. त्या बाई म्हणाल्या, आज दुपारी या. मी हो म्हटलंय."

"अगं, पण मी तिथे काय बोलणार?"

"तुम्ही बोलू नका. पेशी तुमच्या आहेत, बोलायला मी येते."

प्रयोगशाळा एका लांब पट्ट्यासारख्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होती. कॉरिडॉरमध्ये स्पिरिटचा वास आणि फ्रीजांची एकसुरी घरघर. संशोधक बाई दाराशीच भेटल्या. चाळिशीच्या, केस घाईने बांधलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी काकांना चपलांवर घालायची प्लास्टिकची आवरणं दिली. काकांना वाकता येईना, तशा त्या स्वतःच खाली बसायला गेल्या आणि अर्ध्यावर "आई गं" म्हणत टेबलाला धरून थांबल्या.

"तुमचीही कंबर?" काकू.

"दिवसभर वाकून बसते ना. ज्याचा अभ्यास करते, ते रोज सोबत असतं."

"म्हणजे हलवायाच्या घरचंच पोट बिघडलंय," काकू म्हणाल्या आणि दोघी हसल्या. आवरणं शेवटी काकूंनीच चढवली, तिघांच्याही पायांत.

काकांनी आल्यापासून एक शब्द काढला नव्हता. घरून निघताना त्यांनी एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, 'उत्तराला विलंब झाला त्याबद्दल क्षमस्व', आणि ते बोलायची वेळ निघून गेली होती. बाईंनी विलंबाचा विषयच काढला नाही. त्यांनी एका कपाटाचं जाड दार उघडलं. आतून ऊब आली, आणि त्यांनी तळहाताएवढी एक चपटी डबी बाहेर काढली. तिच्यात गुलाबी पाणी होतं.

"आधी माझी चूक दाखवते," त्या म्हणाल्या.

सूक्ष्मदर्शकाचं स्टूल काकांसाठी उंच केलं, तरी काकांना मान खाली घालायला वेळ लागला. मग हळूहळू धुक्यातून आकार दिसू लागले. लांबट, ताणलेले, टोकदार झालेले, एकमेकांना चिकटून दाटीवाटीने पसरलेले.

"या तुमच्याच. तुकड्यातून काढल्या तेव्हा अगदी थोड्या हाती लागल्या होत्या. मला वाटलं, बिचाऱ्या आजारी गादीतून आल्यात, यांचे लाड करू. भरपूर अन्न दिलं, भरपूर हवा दिली, पसरायला मोकळी जागा दिली. वाढल्या की! धडाधड वाढल्या. मी खूश. वरिष्ठांना सांगून बसले, जमलं म्हणून. आणि मग बघते तर या आपलं कामच विसरलेल्या."

"कसलं काम?" काकूंनी विचारलं.

"गादी करायचं काम. पेशी गोल असते, तिच्या जागी असते, तेव्हा आपल्याभोवती एक गर विणते. तो गर पाणी धरून ठेवतो, म्हणून तर गादी फुगलेली राहते. या पसरट झाल्या आणि विणायचंच बंद केलं. नुसत्या वाढत बसल्या."

"फार लाड केले की असंच होतं," काकू म्हणाल्या. "आमचा धाकटा..."

"अगं," काका पहिल्यांदा बोलले.

बाईंनी दुसरी डबी आणली. हिच्यात साबुदाण्याच्या दाण्यांसारखे मऊ, पारदर्शक मणी तरंगत होते. समुद्री शेवाळापासून केलेल्या गराचे मणी, असं त्या म्हणाल्या. प्रत्येक मण्यात थोड्या पेशी, हवा मुद्दाम कमी केलेली, अन्नही बेताचं. "मी सगळं उलटं करून पाहिलं. त्यांच्या घरी असतं तसं. बघा आता."

काकांनी डोळा लावला. मण्याच्या आत, खोल, एक गोल ठिपका होता. त्याच्याभोवती फिकट प्रभावळीसारखं वलय. पुढे बरंच रिकामं, आणि मग लांबवर दुसरा ठिपका, त्यालाही वलय. आणखी लांबवर तिसरा. प्रत्येक जण आपल्या जागी, आपल्यापुरता, कुणाला न चिकटता.

"पुन्हा गोल झाल्या," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि ते वलय दिसतंय ना? तो त्यांनी विणलेला गर आहे. आठवलं त्यांना. सगळ्यांच्या पेशींना नाही आठवत. पुष्कळांच्या पेशी एकदा पसरल्या की पसरल्याच. तुमच्या परतल्या. का परतल्या ते मला शोधायचंय."

काका बघतच राहिले. कमरेतली कळ हळूच वर येऊ लागली होती, पण डोळा काढवेना.

"किती विरळ," ते म्हणाले.

"गादीत तर याहून विरळ असतात. शंभर भाग धरले तर जेमतेम एक भाग पेशींचा, बाकी सगळा त्यांनी केलेला संसार. आणि तिथे रक्त पोचत नाही, काका. रक्त न पोचणारी शरीरातली सगळ्यात मोठी जागा आहे ती. मणक्याच्या काठापर्यंत रक्तवाहिन्या येतात आणि तिथेच थांबतात. पुढे जे काही जायचं ते पाझरत, झिरपत. साखरेचा एखादा कण, प्राणवायूचा थोडासा अंश. मधल्या पेशीपर्यंत पोचेस्तोवर फार थोडं उरतं. त्यात पुन्हा कचरा बाहेर पडायला वाटही तीच, म्हणून सगळं आंबट झालेलं. दुसरी कुठली पेशी असती तर एका दिवसात मेली असती."

"आणि या?"

"या तिथे वर्षानुवर्षं राहतात. माणूस उभा राहतो, बसतो, ओझं उचलतो, त्या सगळ्याचा भार अंगावर घेतात. दिवसभरात गादीतलं पाणी दाबाने थोडं बाहेर जातं. रात्री माणूस आडवा झाला की गर ते परत ओढून घेतो. म्हणून तर आपण सकाळी संध्याकाळपेक्षा जरा उंच असतो."

"तरीच!" काकू म्हणाल्या. "लग्न ठरताना यांना सकाळीच आणलं होतं बघायला."

बाई इतक्या जोरात हसल्या की पलीकडच्या टेबलावरच्या कुणीतरी मान वर केली. काकाही हसले. पण हसता हसता त्यांनी पुन्हा डोळा लावला. त्या ठिपक्यांकडे बघून त्यांना काय वाटत होतं हे त्यांना सांगता आलं नसतं. अभिमान म्हणावं तर आपण काय केलं होतं? आपण तर तळघरात वाकून पुस्तकं शिवत होतो, कुरकुरत होतो. आणि त्याच वेळी, आपल्या नकळत, आपल्या पाठीच्या तळाशी ही माणसं, काकांच्या मनात 'माणसं' हाच शब्द आला, अंधारात, अर्धपोटी, शेजारी नसलेली, गर विणत होती. कुणी विचारलं नाही, कुणी पगार दिला नाही. आपण त्यांना किडकं सामान म्हणत होतो.

"तुमच्यासारख्याच आहेत," काकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "चार माणसांत आणलं की काम विसरतात."

मग काकांनी डोळा काढला, हात मांडीवर ठेवले, आणि जो प्रश्न विचारायची त्यांना इतकी वर्षं धास्ती वाटत आली होती, तो जमिनीकडे बघत विचारला.

"बाई, तिथे रक्त नाही म्हणता. मग मज्जातंतू?"

"धडधाकट गादीत अगदी बाहेरच्या पापुद्र्यांत तेवढे असतात. आत एकही नाही."

"मग आत दुखणार कसं?" काकांचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे दुखायलाच नको."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते अधीक्षकांचं वाक्य ठाऊक होतं. पण ते काकांच्या इतकं आत गेलंय, हे त्यांना बहुधा आत्ता कळलं. त्यांनी थट्टा केली नाही.

"या माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या.

शेजारची खोली लहान आणि काळोखी होती, जाड पडद्याची. बाईंनी एका खोक्यातून काचेची पट्टी काढली. तुमच्या तुकड्याचाच हा काप आहे, त्या म्हणाल्या, केसाहून पातळ, आणि त्याला असा रंग दिलाय की मज्जातंतू असेल तर तेवढाच उजळून दिसतो. पडद्यावर काळोख उमटला. काळोखात निळसर ठिपके, त्या पेशी. काही एकेकट्या, काही घाबरल्यासारख्या घोळक्याने. आणि त्यांच्यामधून, एका चिरेच्या कडेकडेने, एक हिरवा धागा गेलेला. बारीक, थोडा वाकडातिकडा, एका ठिकाणी दोन फाटे फुटलेला.

काकूंनी पिशवीतून चष्मा काढून लावला.

"गादीच्या बाहेरच्या कड्याला पापुद्रे असतात," बाई सांगू लागल्या. "एकावर एक, एकाचे धागे असे तर दुसऱ्याचे तसे. त्यांना वर्षानुवर्षांच्या भाराने चिरा पडतात. गर आटतो. मग पेशींवर जो भार यायचा तो वेगळाच यायला लागतो आणि त्या घाबरतात. घाबरलेली पेशी हाका मारते. रसायनांच्या हाका. काही सांगतात, तुटलंय ते कापून साफ करा. त्यात कधीकधी चांगलंही कापलं जातं. काही हाका अशा असतात की त्या ऐकून बाहेरच्या रक्तवाहिन्या आत येतात, आणि त्यांच्या मागोमाग मज्जातंतू. जिथे कधी नव्हता तिथे. आणि त्या हाकांनी तो तंतू हळवाही होतो. साध्या बसण्याउठण्यानेही ठणकायला लागतो."

"म्हणजे मदत मागतात," काका म्हणाले.

"मदतच मागतात. आणि मदतीबरोबर दुखणंही घरात येतं."

काका पडद्याजवळ गेले. हिरव्या धाग्याला हात लावावा असं त्यांना वाटलं, पण बोट अलीकडेच थांबलं. "हा माझाच काप ना? कुणाच्या दुसऱ्याच्या... अदलाबदल होते कधी कधी. ग्रंथालयात व्हायची, पुठ्ठा एकाचा आणि पानं दुसऱ्याची."

बाईंनी काचेवरचा आकडा दाखवला, मग वहीतला, मग डबीवरचा. तिन्ही सारखे होते. काकांनी तिन्ही दोनदा वाचले.

"यांना एकाने सांगितलं होतं," काकू म्हणाल्या, "की दुखणं डोक्यात आहे."

बाई काकांकडे वळल्या. "दुखणं कळतं ते डोक्यातच, माझंसुद्धा. आणि या एका धाग्यावरून तुमच्या सगळ्या दुखण्याचं उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. तसे धागे असूनही न दुखणारी माणसं आहेत. पण जिथे तंतू नसतो तिथे हा आहे, काका. हा कुणी मनाने काढलेला नाही."

काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला आणि काच पुसली. मग दुसरी काच पुसली. मग पहिली पुन्हा.

बाहेर आल्यावर बाईंनी कामाचं काढलं. अर्ज तोच लागेल, कारण त्यावर हॉस्पिटलचा शिक्का आणि प्रमुखांची सही आहे. दुसरा मागवावा तर प्रमुख रजेवर. मुदतीच्या आतला पोस्टाचा शिक्का पाकिटावर असला तरी चालतं, पण सोमवारपर्यंत काहीच निघालं नाही तर... त्या थांबल्या. "तर ब्लीच ओतावं लागतं. ते माझ्याच हाताने करायचं आहे, म्हणून निर्लज्जपणे फोन केला."

"अर्ज आहे," काका म्हणाले, "पण मी तो बांधलाय."

"बांधलाय म्हणजे?"

"शिवलाय," काकूंनी खुलासा केला. "पुस्तकात. खळ लावून, दाबात ठेवून, पाठीला कापड चिकटवून. आता आमची नातवंडं तो वारसाहक्काने मिळवतील."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "मग पुस्तकच घेऊन या ना!"

"नाही," काका म्हणाले. "पाठवतो. पत्र पोस्टाने आलं होतं."

घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, हाडाची पट्टी, बोथट सुरी, ओला स्पंज काढला आणि निळं पुस्तक समोर ठेवलं. ते त्यांच्या उत्तम कामांपैकी होतं. पाठ अशी गोल आणि घट्ट आली होती की हातातून फिरवताना त्यांना स्वतःलाच बरं वाटे. त्या महिन्यात कंबर इतकी दुखत होती की एकेक जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचा एकेक गठ्ठा, शिवून त्यांना आडवं व्हावं लागलं होतं.

"फाडा की सरळ एक पान," काकू म्हणाल्या.

"फाडलेला कागद पाठवू?"

"मग कापा."

"कापला तर कडेची सही जाईल." त्यांनी स्पंज पाठीवर ठेवला. खळ मऊ व्हायला वेळ लागतो. घाई केली की कापडाबरोबर कागद निघतो. तेवढ्या वेळात ते जमिनीवर उताणे झाले, गुडघे उभे केले, आणि छताकडे बघत राहिले. कंबर ठणकत होती, रोजच्याइतकीच. पण आज ते त्या ठणक्याकडे कान देऊन ऐकत होते. आत कुठेतरी, उरलेल्या गादीत, त्या गोल, एकट्या, पाणी ओढून घ्यायच्या खटपटीत असतील. "घ्या, घ्या," काका पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"तुला नाही."

मग उठून त्यांनी कापड सोडवलं, दोरा टोकापासून एकेक टाका मागे काढत नेला. तोडला असता तर एका झटक्यात झालं असतं. पानं सुटली तशी मसुदेही हातात आले. 'महोदया, आपले कृपापत्र...' काकांनी ते वाचले आणि त्यांना आपलीच कीव आली, मग हसू आलं. अर्ज सुटला. त्याच्या कडेला सुईची चार भोकं राहिली होती. ती लपवण्यासारखी नव्हती. काकांनी बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'ही भोके माझ्या सुईची आहेत,' आणि खाली सही केली.

पत्रासाठी त्यांनी नवा कागद घेतला. या वेळी मसुदा केला नाही.

'आपल्या पत्राचे उत्तर फार उशिरा देतो आहे. पेशी ठेवाव्यात, हवे तितके दिवस. त्यांना कमी हवेत आणि बेताच्या अन्नावर ठेवता हे पाहून बरे वाटले, फार लाड करू नयेत. त्या इतकी वर्षे माझ्याजवळ होत्या आणि मी त्यांच्याबद्दल वाईटच बोलत होतो. ते मागे घेतो. काही कळले तर मला कळवावे. न कळले तरी कळवावे. आपलीही कंबर सांभाळावी, मधूनमधून आडवे व्हावे.'

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. हे त्या सहसा म्हणत नसत. "माझ्याबद्दल काही नाही ते?"

"तू काय पेशी आहेस?"

"नशीब तुमचं."

पोस्टाची पेटी गल्लीच्या टोकाला, औषधाच्या दुकानासमोर होती. उन्हं अजून होती. दोघं हळूहळू चालत गेले. काका कंबरेवर हात ठेवून, नेहमीसारखे जरा वाकून. दुकानदाराने विचारलं, "काय काका, पुन्हा दुखतंय का?" एरवी काका "छे, छे, उगीच आपलं" म्हणत पुढे सरकले असते.

"दुखतंय," ते म्हणाले. "चांगलंच दुखतंय."

पेटीसमोर त्यांनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं. पत्ता, तिकीट, चिकटवलेली कड. मग फटीत सरकवलं, आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले. पाकीट पडलं.

"तिकीट नीट चिकटलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"खळ तुम्हीच लावली होती," काकू म्हणाल्या. "आता ते काही निघायचं नाही. चला."